पाचगणीची कॅसेट, लिव्हरपूलचं तळघर आणि लॅरी ल्युरेक्स: क्वीनच्या आधीचा फ्रेडी

प्रश्न विचारणारे साताऱ्याचे आहेत. थोडक्यात प्रश्न असा: क्वीन या इंग्लिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीला शिकला आणि तिथे त्याचा 'हेक्टिक्स' नावाचा बँड होता, हे सगळ्यांना माहीत आहे. एका विक्रेत्याकडे त्या बँडची कॅसेट आहे म्हणे, ती घ्यावी का? क्वीनच्या आधीचं त्याचं खरंखुरं रेकॉर्डिंग काय काय मिळतं? आणि 'लॅरी ल्युरेक्स' या नावाने विकली जाणारी छोटी रेकॉर्ड खरंच त्याचीच आहे का?

कॅसेट घेऊ नका. लॅरी ल्युरेक्स तोच आहे. बाकीचं जरा सविस्तर सांगतो, कारण जुन्या टेपा आणि रेकॉर्डी डिजिटल करून देणं हाच माझा धंदा आहे आणि असे प्रश्न माझ्याकडे नेहमी येतात.

आधी कॅसेट. फिलिप्सने कॉम्पॅक्ट कॅसेट जगापुढे आणली ती १९६३ साली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला फारोख बलसारा नावाचा मुलगा, म्हणजेच पुढचा फ्रेडी मर्क्युरी, हिंदुस्थानातलं शिक्षण आटोपून झांझिबारला आईवडिलांकडे परतला होता. हेक्टिक्स म्हणजे त्याच्याही आधीची गोष्ट, १९५८ च्या आसपासची. तेव्हा हेक्टिक्सची मूळ कॅसेट असूच शकत नाही. फार तर ती कुठल्या तरी स्पूलवरून, म्हणजे मोठ्या फिरकीवर गुंडाळलेल्या सुट्या टेपवरून, काढलेली नक्कल असेल. मग स्पूल दाखवा म्हणायचं. विक्रेता इथेच गडबडतो. त्या काळात आपल्याकडे स्पूलचं मशीन आकाशवाणीत, सिनेमाच्या स्टुडिओत आणि मोजक्या सधन घरांत असायचं. शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरं पियानो बडवतायत आणि कुणी तरी ते टेप करतंय, असं चित्र ओढूनताणूनच काढावं लागतं. आजवर हेक्टिक्सचा एकही सेकंद उजेडात आलेला नाही. फोटो आहेत: पांढरे शर्ट, काळे टाय, चापूनचोपून बसवलेले केस. आवाज नाही.

आणि समजा उद्या कुणाच्या माळ्यावर तो स्पूल सापडलाच, तर त्यावर गाणारा मुख्य आवाज फ्रेडीचा नसेल. सेंट पीटर्स या पाचगणीच्या शाळेतल्या त्या पाच पोरांत पुढे उभा राहून गायचा तो ब्रूस मरे. डेरिक ब्रांश, फरांग इराणी, व्हिक्टरी राणा हे बाकीचे. फ्रेडी पियानोवर, आणि मागून साथीला आवाज. त्याची तेव्हाची ख्याती वेगळीच होती. रेडिओवर गाणं एकदा ऐकलं की पियानोवर जसंच्या तसं वाजवून दाखवायचा, असं त्याचे वर्गसोबती सांगतात. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो असा सगळा मालमसाला. पियानोच्या चौथ्या ग्रेडपर्यंतच्या परीक्षा त्याने तिथेच दिल्या. पाचगणीचं देणं शोधायचंच असेल तर ते त्याच्या हातांत आणि कानांत शोधावं. गळ्याचं प्रकरण पुढचं आहे.

हल्ली आणखी एक भानगड वाढली आहे. कुणाच्याही आवाजाची नक्कल करणारी सॉफ्टवेअर घरबसल्या मिळतात. वर थोडी हिस आणि थोडी खरखर टाकली की 'दुर्मीळ टेप' तयार. एक साधी तपासणी सांगतो. विजेवर चालणाऱ्या घरगुती मशीनवर केलेल्या जुन्या टेपमध्ये बहुतेक वेळा मेनचा हम, म्हणजे घरातल्या विजेची बारीक गुणगुण, उतरलेला असतो. इंग्लंडमध्ये काय नि आपल्याकडे काय, वीज ५० सायकलची. त्यामुळे स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजातल्या कंपनांचा आलेख, काढून पाहिला की ५०, १००, १५० अशा ठिकाणी बारीक रेघा दिसतात. मशीन जसं हळू-जलद झालं असेल तशा त्या रेघा किंचित लहरतात. खोट्या टेपवर एक तर हम नसतो, नाहीतर फूटपट्टीने मारल्यासारखा सरळ असतो. यावरून कुणाला कोर्टात खेचता येणार नाही, पण पैसे खिशातच ठेवायला एवढं पुरतं. शिवाय याच रेघांवरून टेपचा मूळ वेगही दुरुस्त करता येतो. हम ४८ वर दिसला तर टेप सावकाश फिरतेय आणि गायकाची पट्टी उतरलेली ऐकू येतेय, हे उघड आहे. जुन्या खासगी टेपांबद्दल 'इथे त्याचा आवाज किती वेगळा लागलाय' असं म्हणण्याआधी ही खात्री करावी. निम्म्या वेळा वेगळेपण मशीनचं असतं.

आता खऱ्या मालाकडे येऊ.

१९६४ च्या जानेवारीत झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब लंडनजवळच्या फेल्टममध्ये येऊन राहिलं. फ्रेडी ईलिंगच्या आर्ट कॉलेजात ग्राफिक डिझाइन शिकला. तिथला त्याचा मित्र टिम स्टाफेल हा 'स्माइल' नावाच्या बँडमध्ये गायचा, आणि स्माइलमध्ये गिटारवर ब्रायन मे, ड्रमवर रॉजर टेलर. फ्रेडी त्यांच्या मागे मागे फिरायचा. पण स्माइलला गायक होता. १९६९ च्या ऑगस्टमध्ये लिव्हरपूलकडची काही पोरं 'आयबेक्स' हा बँड घेऊन लंडनला नशीब काढायला आली, तेव्हा फ्रेडीने ती संधी पकडली. ओळख झाल्यावर दहाएक दिवसांतच, २३ ऑगस्टला, बोल्टनच्या ऑक्टागन थिएटरात तो त्यांचा गायक म्हणून उभा होता. गिटारवर माइक बर्सिन, बेसवर जॉन 'टप' टेलर, ड्रमवर मिक स्मिथ, आणि सगळी जमवाजमव करणारा केन टेस्टी.

त्यांचा ९ सप्टेंबर १९६९ चा कार्यक्रम लिव्हरपूलच्या 'द सिंक' या तळघरातल्या क्लबमध्ये झाला. त्यांच्यातलाच एक मित्र, जेफ हिगिन्स, घरगुती स्पूलचं मशीन घेऊन बसला होता. फ्रेडीचं गाणं ज्यावर उतरलं आहे अशी ही आपल्याला माहीत असलेली सगळ्यांत जुनी टेप. त्या रात्री स्माइलवालेही तिथे हजर होते आणि शेवटी ब्रायन आणि रॉजर स्टेजवर चढले, असं त्या रात्रीचे लोक सांगतात. म्हणजे पुढच्या क्वीनमधले तिघे पहिल्यांदा एका स्टेजवर. टेपवर मात्र तो भाग नाही. तोपर्यंत टेप संपली होती. संग्राहकाच्या नशिबाला हे नेहमीचंच.

या टेपवरचं एक गाणं अधिकृतपणे मिळतं: 'रेन'. बीटल्सचं, १९६६ मधलं. २००० साली निघालेल्या 'द सोलो कलेक्शन' या बारा डिस्कच्या मोठ्या संचात ते आहे. टेपवरचं बाकीचं, म्हणजे क्रीम, लेड झेपलिन यांची गाणी आणि स्वतःचं एखाद-दुसरं, चोरट्या प्रतींतून फिरत असतं. बीटल्सच्या मूळ 'रेन'ची एक गंमत आहे. त्याचं वादन त्यांनी जलद वाजवून टेप सावकाश फिरवली होती, म्हणून ते तसं जड, ओढल्यासारखं वाटतं. आयबेक्सच्या पोरांकडे असली युक्ती कुठून असणार! ते सरळ दणकावत सुटतात.

'रेन' ऐकताना हेडफोन लावा आणि गिटारकडे दुर्लक्ष करा. गाणारा पोरगा तेवीस वर्षांचा आहे, आणि तो शब्दागणिक आवाज फेकतोय. फेक जबरदस्त आहे. पण ओळीचा शेवट आला की पाहा: सूर लांबवायचा असतो तिथे आवाज थरथरायला लागतो, आणि ती थरथर त्याच्या ताब्यात नाही. कधी लवकर येते, कधी उशिरा, कधी सूरच त्यात हलतो. वरच्या सुरांकडे जाताना तो दम लावून जातो, त्यामुळे सूर किंचित चढा लागतो. त्या काळच्या त्याच्या सोबत्यांनीही पुढे मान्य केलं आहे की रुबाब पहिल्या दिवसापासून होता, गळा मात्र अजून जागेवर नव्हता.

यात त्याचा सगळाच दोष आहे असं मी म्हणणार नाही. १९६९ मधल्या तळघरातल्या क्लबमध्ये गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येण्याची सोय क्वचितच असायची. आजचा गायक कानात मॉनिटर घालून गातो. आयबेक्सच्या फ्रेडीच्या मागे गिटारचा अँप्लिफायर, बाजूला ड्रम, आणि त्याचा आवाज मात्र समोरच्या भोंग्यांतून लोकांकडे चाललेला. स्वतःचा सूर ऐकू येत नसेल तर माणूस ओरडतो, आणि ओरडला की सूर चढतो. ज्याने कधी गणपतीच्या मंडपात कर्ण्यासमोर गाणं म्हटलं आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

आता एक आकडा ध्यानात ठेवा. २०१६ साली ऑस्ट्रियातले आवाजाचे अभ्यासक क्रिस्टियन हर्ब्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रेडीच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्याचा कंप सेकंदाला सुमारे ७ हेलकाव्यांचा निघाला, म्हणजे बहुतेक गायकांपेक्षा जलद. बोलण्याच्या पट्टीवरून पाहिलं तर तो मुळात खालच्या गळ्याचा, बॅरिटोन माणूस असावा, असंही त्यांनी म्हटलं. 'रेन'मधली थरथर माझ्या मते तीच आहे. १९६९ मध्ये जी खोड होती तीच १९७५ मध्ये त्याची ओळख झाली. काढून टाकलेली नाही, ताब्यात आणलेली आहे. माझ्या मते क्वीनच्या आधीची ही रेकॉर्डिंग ऐकायची ती एवढ्याचसाठी. लोक त्यांत 'महान गायकाची चाहूल' शोधतात आणि निराश होतात. शोधायचं ते दुसरंच: सुटा, आडदांड आवाज स्टुडिओत जाऊन शिस्तीला कसा लागला, ते.

आयबेक्सचं नाव काही आठवड्यांत बदलून 'रेकेज' झालं. त्यांची एका फ्लॅटमधल्या सरावाची एक टेप आहे. तिच्यातलं 'ग्रीन' हे गाणंही त्याच सोलो कलेक्शनमध्ये आहे. ऐकायला खडबडीत, पण त्यात माणसं गाणं रचताना ऐकू येतात म्हणून एकदा ऐकावं. पुढे १९७० च्या सुरुवातीला 'सावर मिल्क सी' नावाच्या बँडमध्ये तो थोडे दिवस होता. तिथे थांबायचं कारण नाही. स्माइलने १९६९ मध्ये ट्रायडंट स्टुडिओत केलेली गाणी बाजारात 'क्वीनच्या आधीचा फ्रेडी' म्हणून खपवली जातात. ती चांगली आहेत, पण त्यांत फ्रेडी औषधालाही नाही. गाणारा टिम स्टाफेल. विकत घ्या, पण ते समजून घ्या.

१९७० मध्ये स्टाफेल बाहेर पडला, फ्रेडी आत आला, बँडचं नाव क्वीन झालं, आणि १९७१ मध्ये बेसवर जॉन डीकन आल्यावर चौकडी पुरी झाली. मग त्यांना एक लॉटरी लागली. वेम्बलीला डे लेन ली हा नवा स्टुडिओ उभा राहत होता. यंत्रं, भिंती, आवाज कुठून कुठे गळतो हे तपासायला कुणी तरी मोठ्याने वाजवणारे हवे होते. क्वीनने फुकट वाजवलं आणि बदल्यात डेमो, म्हणजे कंपन्यांना ऐकवायचं नमुन्याचं रेकॉर्डिंग, करून घेतला. १९७१ च्या अखेरीस पाच गाणी झाली: 'कीप युवरसेल्फ अलाइव्ह', 'द नाइट कम्स डाउन', 'ग्रेट किंग रॅट', 'जीझस', 'लायर'. यातलं 'द नाइट कम्स डाउन' इतकं जमलं की पहिल्या अल्बमवर हेच डेमोचं रेकॉर्डिंग गेलं.

हे डेमो २०११ मध्ये अधिकृतपणे निघाले ते एका ॲसिटेटवरून घेऊन. ॲसिटेट म्हणजे ॲल्युमिनियमच्या चकतीवर लाखेसारखा मऊ थर, त्यावर कापलेली एकुलती एक रेकॉर्ड. मोजक्या वेळा ऐकवण्यासाठी केलेली. सुई दर वेळी थोडा थर खरवडून नेते. म्हणून त्या प्रतीत वरचे स्वर थोडे झिजलेले आणि मागे टिकटिक ऐकू येते. २०२४ मध्ये पहिल्या अल्बमचा नवा संच आला, त्यात हेच डेमो नव्याने मिक्स करून दिले आहेत. दोन्ही लागोपाठ ऐका. नवं स्वच्छ आहे, ड्रम अंगावर येतात. पण मला विचाराल तर 'लायर' मी २०११ मधलंच ऐकेन. त्यात चौघांनी एका खोलीत उभं राहून वाजवल्याचा कोंदटपणा आहे, आणि फ्रेडीचा आवाज वाद्यांच्या गर्दीतून वाट काढतोय हे कळतं. या घटकेला तो बँडचा गायक आहे. आवाजांचा रचनाकार अजून व्हायचा आहे.

तो झाला ट्रायडंटमध्ये, आणि त्या वळणावर उभी आहे तुमची लॅरी ल्युरेक्सची रेकॉर्ड.

सोहो भागातला ट्रायडंट हा त्या वेळचा लंडनमधला नामांकित स्टुडिओ. बीटल्सचं 'हे ज्यूड' तिथलंच. १९७२ मध्ये ट्रायडंटच्या मालकांनी क्वीनशी करार केला, पण अट अशी की गिऱ्हाइकाने पैसे मोजलेली वेळ सोडून जी रिकामी वेळ उरेल तिच्यात रेकॉर्डिंग करायचं. म्हणजे मध्यरात्र, पहाट, कुणाचं बुकिंग रद्द झालं तर दुपार. पहिला अल्बम असा उष्ट्या वेळेवर महिनोन्‌महिने रेंगाळला. ही पोरं स्टुडिओच्या आवारात घुटमळत असायची.

तिथला एक ध्वनिमुद्रक होता रॉबिन जेफ्री केबल. एल्टन जॉनचे सुरुवातीचे अल्बम ट्रायडंटमध्ये झाले, त्यांच्या मुद्रणात याचा हात. केबलला एक नाद लागला होता: अमेरिकेचा फिल स्पेक्टर साठच्या दशकात जी आवाजाची भिंत उभी करायचा, तशी आपणही लंडनमध्ये उभी करून पाहावी. स्पेक्टरची रीत अशी की एकाच खोलीत ढिगाने वादक बसवायचे, तेच सूर दोन-तीन वाद्यांवर एकदम वाजवायचे, आणि सगळं एको चेंबरमधून, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या खोलीतून, घोळवून काढायचं. मग कुठलं वाद्य कुठलं ते कळेनासं होतं आणि एकच एक गुंजणारा प्रचंड आवाज तयार होतो. केबलने दोन जुनी गाणी निवडली. 'आय कॅन हिअर म्युझिक', १९६६ मधलं रॉनेट्सचं, ज्यावर १९६९ मध्ये बीच बॉइजनी हात फिरवला होता. आणि गॉफिन-किंग जोडीचं 'गोइंग बॅक', जे १९६६ मध्ये डस्टी स्प्रिंगफील्डने गायलं. आता गायक हवा. घुटमळणाऱ्यांपैकी एक जण समोर होताच.

'आय कॅन हिअर म्युझिक'साठी फ्रेडीने ब्रायनला गिटार वाजवायला आणि रॉजरला तालवाद्यांसाठी ओढून आणलं. त्यामुळे ही रेकॉर्ड म्हणजे तीन-चतुर्थांश क्वीन आहे, फक्त क्वीनसारखी वाजत नाही. मधल्या तुकड्यात गिटार येते तेव्हा मात्र चोर पकडला जातो. तो गोड, जाडसर, व्हायोलिनसारखा ओढलेला सूर ब्रायन मेशिवाय कुणाचा असणार!

पण कान ठेवायचा तो गायनावर. 'रेन'नंतर तीन वर्षं गेली आहेत. इथे फ्रेडी ओरडत नाही. त्याला ओरडायची गरजच नाही. कानावर हेडफोन आहेत, स्वतःचा आवाज स्वच्छ ऐकू येतोय, समोर उत्तम मायक्रोफोन आहे आणि टेपवर मोकळे ट्रॅक आहेत. तो एकदा गातो, मग स्वतःच्याच आवाजावर पुन्हा गातो, मग वर आणखी एक सूर चढवतो. असं दुहेरी गाताना पहिल्या वेळची थरथर आणि दुसऱ्या वेळची थरथर जुळली नाही तर सगळं गढूळ होतं. म्हणजे स्वतःशी जुळवून घ्यायचं तर कंप कुठे आणायचा आणि कुठे सूर सरळ ठेवायचा हे आधी ठरवावं लागतं. गळ्याला शिस्त लावणारा याहून कडक गुरू नाही. तळघरात समोर लोक होते. इथे समोर त्याचाच आवाज आहे, आणि तो चूक माफ करत नाही. वरच्या पातळ आवाजात शिरतानाही आता तो दम लावत नाही, अलगद पलटतो.

'गोइंग बॅक' याहून सरस आहे. रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलं म्हणून ते दुर्लक्षित राहिलं. सुरुवातीला तो जवळजवळ बोलल्यासारखा, राखून गातो, आणि मग गाणं हळूहळू चढतं. मोठ्या आवाजाचा माणूस लहान आवाजात किती वेळ थांबू शकतो यावरून मी त्याची इयत्ता ठरवतो. आयबेक्सच्या टेपवर त्याला हे येत नव्हतं.

रेकॉर्डचं पुढे काय झालं ते ऐका. टेपा बरेच महिने पडून राहिल्या. दरम्यान क्वीनला ईएमआय कंपनीचा करार मिळाला आणि त्यांचा पहिला अल्बम १३ जुलै १९७३ ला निघायचं ठरलं. केबलचं रेकॉर्डिंगही ईएमआयनेच घेतलं आणि क्वीनच्या तोंडावर, १९७३ च्या जूनअखेर बाजारात आणलं. एकाच गायकाचं पदार्पण पंधरवड्यात दोनदा कसं करणार? म्हणून नाव दिलं लॅरी ल्युरेक्स. तेव्हा इंग्लंडात चमचमत्या पोशाखातल्या गॅरी ग्लिटर या गायकाची लाट जोरात होती, ही त्याची टवाळी. ल्युरेक्स हे चमचमत्या धाग्याचं नाव, तेव्हा काहीतरी जरीकाठी लॅरी असा तो प्रकार. विनोद कुणालाच फारसा आवडला नाही आणि रेकॉर्ड आपटली. फ्रेडीचा गळा बाजारात आलेली ही पहिली रेकॉर्ड, आणि तिच्यावर त्याचं नावच नाही. क्वीनचं पहिलं सिंगल 'कीप युवरसेल्फ अलाइव्ह' ६ जुलैला आलं आणि तेही आपटलं, हा भाग वेगळा.

केबलच्या त्या नादाचा पैसा वसूल झाला तो नंतर. पहिल्या अल्बमवरच्या 'माय फेअरी किंग'मध्ये फ्रेडी स्वतः पियानोवर आहे आणि आवाजावर आवाज रचत गेला आहे. याच गाण्यातल्या 'मदर मर्क्युरी'वरून त्याने आपलं आडनाव घेतलं. १९७४ च्या दुसऱ्या अल्बमवर 'नेव्हरमोर' आणि 'फनी हाउ लव्ह इज' या दोन गाण्यांना त्यांनी मुद्दाम रॉबिन केबललाच बोलावलं. 'फनी हाउ लव्ह इज' आणि लॅरी ल्युरेक्सचं गाणं एकामागोमाग लावा. भिंत तीच आहे, गवंडी तेच आहेत. फक्त घर आता स्वतःचं आहे. १९७५ मध्ये 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या ऑपेरातल्या कोरसपाशी लोक थक्क होतात. त्यात रॉजर आणि ब्रायनही आहेत, पण त्या रचनेची मुळाक्षरं फ्रेडीने दुसऱ्याच्या नावाने गायलेल्या या रेकॉर्डीत गिरवली, असं माझं मत आहे. कुणी म्हणेल मी एका पडेल रेकॉर्डला फार मोठं करतोय. म्हणू देत. तारखा माझ्या बाजूने आहेत.

'गोइंग बॅक' तुम्ही नकळत ऐकलंही असेल. १९९५ च्या 'मेड इन हेवन'वर 'मदर लव्ह' हे गाणं आहे. १९९१ मध्ये मॉन्त्रोला रेकॉर्ड केलेलं, फ्रेडीच्या अगदी अखेरच्या गायनांपैकी. त्याचं शेवटचं कडवं त्याला पुरं करता आलं नाही, ते ब्रायन गातो. गाण्याच्या शेवटी आधी वेम्बलीच्या कार्यक्रमातली लोकांशी चाललेली सवाल-जवाबाची आलापी येते, आणि मग एकदम एक तरुण, पातळ आवाज एक ओळ गातो. तो १९७२ मधला 'गोइंग बॅक'चा तुकडा. अंगावर काटा येतो ते ठीक, पण ध्वनिमुद्रक म्हणून मला तिथे दुसरं काही दिसतं: बाजूला एकोणीस वर्षं पुढचा तोच गळा ठेवलाय आणि तो अर्ध्या पडद्याने जड, रुंद झालाय. दोन्ही टोकं एकाच गाण्यात तपासायला मिळतात, अशी सोय फार थोड्या गायकांची आहे.

आता खरेदी. फक्त ऐकायचं असेल तर लॅरी ल्युरेक्सची दोन्ही गाणी सोलो कलेक्शनमध्ये आहेत, 'रेन' आणि 'ग्रीन'सकट. तो संच आता जुन्या बाजारातच मिळतो आणि स्वस्त नाही. डेमोंसाठी पहिल्या अल्बमची २०११ ची किंवा २०२४ ची आवृत्ती. २०२४ मधल्या आवृत्तीत 'मॅड द स्वाइन' हे १९७३ मध्ये गाळलेलं फ्रेडीचं गाणं मूळ जागी बसवलं आहे, तेही ऐका. फेब्रुवारी १९७३ मधलं बीबीसीचं पहिलं सत्र बीबीसीच्या संग्रहांत मिळतं. अल्बम निघायच्या पाच महिने आधीचा बँड तिथे सापडतो.

लॅरी ल्युरेक्सची मूळ ४५, म्हणजे मिनिटाला ४५ फेऱ्यांची छोटी रेकॉर्डच, घ्यायची असेल तर तिचा क्रमांक ईएमआय २०३०. ही रेकॉर्ड थोडी खपली, गायक नंतर जगप्रसिद्ध झाला, त्यामुळे नकलांचा सुळसुळाट होणारच. लेबलच्या फोटोवर विश्वास टाकू नका, लेबल कुणीही छापतं. शेवटच्या खाचेपासून लेबलपर्यंतच्या गुळगुळीत पट्टीवर कारखान्यात उमटवलेली अक्षरं असतात. त्या पट्टीचा तिरक्या उजेडातला, दोन्ही बाजूंचा फोटो मागवा आणि खात्रीच्या प्रतीच्या फोटोशी एकेक अक्षर ताडून पाहा. खऱ्या कारखान्याची अक्षरं ठशाने मारलेली, ठसठशीत असतात. नकलेत ती बहुधा सुईने ओरखडल्यासारखी दिसतात किंवा क्रमांकच भलता असतो. अमेरिकेत ही रेकॉर्ड अँथेम या लेबलवर निघाली होती. ती प्रत इंग्लंडची म्हणून कुणी गळ्यात मारत नाही ना, तेही बघा. फोटो द्यायला विक्रेता टाळाटाळ करत असेल तर व्यवहार तिथेच थांबवा. आणि तुमच्या कॅसेटवाल्याला माझ्यातर्फे एकच प्रश्न विचारा: स्पूल कुठे आहे?